साहेब, थोडं पगाराचं बोलायचं होतं

मराठवाड्यात आणि विदर्भात गुढीपाडव्याला सालगड्यांची सालं ठरतात. वर्षाचे पैसे किती, त्यातली उचल किती, धान्य किती, कपड्यांचे जोड किती, हे सगळं चार माणसांसमोर आकड्यानिशी बोललं जातं. व्यवहार काही गोड नसतो. उचल फिटता फिटत नाही आणि घासाघीस मालकाच्याच ओट्यावर होते. पण आकडा तोंडाने उच्चारला जातो. त्याच जिल्ह्यांतून पुण्याला येऊन हिंजवडीत किंवा चाकणला नोकरीला लागलेल्या पदवीधराला मात्र वर्षानुवर्षं आपला आकडा साहेबांसमोर काढता येत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र येतं, तो टक्के बघतो, चहाच्या टपरीवर कंपनीचा उद्धार करतो आणि पुढच्या एप्रिलची वाट बघायला लागतो.

न मागता पगार वाढणारी माणसं आपल्याकडे आहेत, पण ती वेगळी. सरकारी कर्मचाऱ्याला सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात दरवर्षी ३ टक्क्यांची वेतनवाढ मिळते आणि महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला असल्यामुळे जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा तपासला जातो. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या मोठ्या कारखान्यांतल्या कायम कामगारांसाठी युनियन मागणीपत्र देते, व्यवस्थापनाशी बोलणी होतात आणि साधारण तीन वर्षांचा करार होतो. किमान वेतनावरच्या कामगाराचा विशेष भत्तासुद्धा महाराष्ट्रात दर सहा महिन्यांनी बदलतो. उरला तो त्याच कारखान्याच्या काचेच्या केबिनबाहेर बसणारा ‘स्टाफ’, आयटीतला इंजिनिअर, खासगी रुग्णालयातली नर्स, सीएच्या ऑफिसातला अकाउंटंट. या मंडळींना दरवर्षी वाढ दिलीच पाहिजे असं सांगणारा कायदा नाही. पगार किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये आणि ठरलेला पगार वेळेवर मिळाला पाहिजे, एवढ्यापर्यंतच कायदा येतो. पुढचं सगळं बोलण्यावर. म्हणून हे बोलणं कसं चालतं, ते आतून समजून घेतलेलं बरं.

पहिली गोष्ट वेळेची. बहुतेक कंपन्यांचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. मूल्यमापनाचे फॉर्म फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरतात, मॅनेजरबरोबर बैठक होते आणि पत्रं एप्रिल ते जूनच्या दरम्यान कधीतरी हातात पडतात. आपल्याला वाटतं की त्या बैठकीत आपली वाढ ठरते. प्रत्यक्षात पगारवाढीसाठी एकूण किती पैसे ठेवायचे हा आकडा पुढच्या वर्षाचं बजेट बांधताना, म्हणजे डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारीतच ठरत आलेला असतो. मार्चच्या बैठकीत मॅनेजर तुमचं ऐकतो, मान डोलावतो, पण त्याच्या हातातला तक्ता तोवर जवळजवळ भरलेला असतो. तिथे पहिल्यांदा पगाराचा विषय काढणं म्हणजे गाडी सुटल्यावर रिझर्व्हेशनच्या रांगेत उभं राहणं. बोलायचं ते दिवाळीनंतर, नाताळच्या आसपास. ज्यांच्या कंपनीत जानेवारी ते डिसेंबर वर्ष चालतं, त्यांनी हाच हिशेब तीन महिने मागे न्यावा.

दुसरी गोष्ट त्या तक्त्याची. समजा दहा जणांची टीम आहे आणि सगळ्यांचा मिळून महिन्याचा पगार ६ लाख रुपये. वरून निरोप येतो की सरासरी ९ टक्के वाढ द्या. म्हणजे मॅनेजरच्या हातात महिन्याला ५४,००० रुपये. तुमचा पगार ६०,००० आहे आणि तुम्ही २० टक्के मागताय, म्हणजे १२,०००. ते दिले तर उरलेल्या नऊ जणांत ४२,००० वाटायचे. म्हणजे त्यांच्या वाट्याला सरासरी पावणेआठ टक्के येणार. तुम्हाला दिलेला प्रत्येक जादा रुपया शेजारच्या टेबलावरून उचललेला असतो आणि तो का उचलला हे मॅनेजरला दोन ठिकाणी सांगावं लागतं. एक वर, जिथे तुमचं नाव एक्सेलमधली एक ओळ आहे. आणि दुसरं खाली, कारण पगार गुप्त ठेवायचा नियम कितीही कडक असला तरी कँटीनमध्ये आकडे फुटतातच.

यावरून एक गोष्ट नीट लक्षात घ्यायची. मॅनेजरला तुमची वाढ पटवून देणं हे अर्धंच काम आहे. तुम्हाला कधीच न भेटलेल्या माणसाला तो तुमच्या वतीने काय सांगणार, हे त्याच्या हातात देणं हे उरलेलं अर्धं. आपल्याकडे बहुतेकांचं मागणं इथे फसतं. घराचा हप्ता वाढला, मुलीची शाळेची फी दीड लाखावर गेली, आईचं ऑपरेशन झालं, ही कारणं खरी असतात आणि समोरच्या माणसाला ती कळतातही. पण ती वरच्या मजल्यावर नेता येत नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही हप्ता आहेच. कंपनी काम विकत घेते, आणि कामाचंच बोलणं तिथे चालतं. हे रुक्ष वाटेल, पण याचा एक फायदाही आहे: कामाचं बोलताना कुणापुढे मिंधं व्हावं लागत नाही.

तेव्हा एक पान तयार करायचं. खरोखरच एक. त्यात काय लिहायचं हे एका उदाहरणावरून बघू. चाकणच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कंपनीत परचेसमध्ये चार वर्षं काम करणारी मुलगी आहे असं धरा. मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये ती सहसा काय लिहिते? ‘सर्व कामे वेळेत पूर्ण केली. टीमला सहकार्य केले. पुरवठादारांशी चांगले संबंध राखले.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही आणि एकाही वाक्याची किंमत करता येत नाही. आता तेच काम असं लिहा: ‘पॅकिंगच्या बॉक्ससाठी तीन नव्या पुरवठादारांकडून दर मागवले. बॉक्सचा दर २२ रुपयांवरून १९ वर आणला. महिन्याचा वापर ४०,००० बॉक्स. वर्षाची बचत १४ लाख ४० हजार.’ दुसरी ओळ: ‘ऑगस्टमध्ये सहकाऱ्याने नोकरी सोडली, ती जागा भरलेली नाही. त्याचे अकरा पुरवठादार तेव्हापासून मी सांभाळते.’ तिसरी: ‘माल उशिरा आल्याने लाइन थांबली असे वर्षात एकदाही झाले नाही.’ झालं पान. मॅनेजरला आता वर काही सांगायची गरज नाही, तो हे पान पुढे सरकवू शकतो.

ज्यांच्या कामातून बचत किंवा विक्री दिसत नाही त्यांना हे अवघड वाटतं. अकाउंट्सवाला म्हणेल, मी कसले बॉक्स स्वस्त केले? पण वर्षभरात जीएसटी रिटर्नची एकही तारीख चुकली नाही आणि विलंब शुल्क शून्य, ऑडिट गेल्या वर्षीपेक्षा दहा दिवस आधी संपलं, जुनी येणी इतक्या लाखांची वसूल झाली, हे आकडेच आहेत. सॉफ्टवेअरवाल्याकडे रात्री-अपरात्री सोडवलेल्या अडचणींची तिकिटं असतात. वॉर्डातल्या नर्सने किती नवीन मुलींना तयार केलं हे मोजता येतं. अडचण एवढीच की मार्चमध्ये हे आठवायला बसलं की जानेवारी-फेब्रुवारीचंच आठवतं आणि मॅनेजरलाही तेवढंच आठवत असतं. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी चार ओळी टिपून ठेवणारा माणूस या बाबतीत हुशार माणसापेक्षा पुढे असतो. कौतुकाचे ई-मेल एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, पण कंपनीची गोपनीय कागदपत्रं घरच्या मेलवर पाठवू नका. ते अंगाशी येतं.

आता मागायचं किती? इथे थोडं पाटी-पेन्सिल घेऊन बसावं लागेल, कारण सीटीसीतली, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चातली वाढ आणि हातात येणारी वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सीटीसी महिन्याला ६०,००० आहे असं धरा, वर्षाला ७ लाख २० हजार. त्यात मूळ पगार निम्मा, ३०,०००. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, म्हणजे ३,६००. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे १,४४३. हे दोन्ही सीटीसीच्या पोटातच धरलेले असतात. उरले ५४,९५७. त्यातून तुमचा पीएफ ३,६०० आणि व्यवसाय कर २०० गेला की खात्यात ५१,१५७ येतात. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर भरावा लागत नाही, म्हणून इथे प्राप्तिकर शून्य. आता १० टक्के वाढ झाली. सीटीसी ६६,०००, मूळ पगार ३३,०००. तीच वजाबाकी पुन्हा केली की खात्यात येतात ५६,२९३. पत्रावर वाढ ६,००० आणि हातात ५,१३६. मधले पैसे बुडाले नाहीत, पीएफ आणि ग्रॅच्युइटीत गेले, ते तुमचेच आहेत. पण किराणा आणि भाडं त्यातून देता येत नाही.

पुढची वजाबाकी महागाईची. वर्षभरात तुमचा घरखर्च समजा ५ टक्क्यांनी वाढला, तर गेल्या वर्षीच्या ५१,१५७ रुपयांत जे येत होतं त्यालाच आता अडीच हजार जास्त लागतात. म्हणजे ५,१३६ मधले निम्मे जागेवर उभं राहण्यातच संपले. खरी वाढ झाली अडीच हजारांच्या आसपास. पाच टक्के वाढ मिळालेल्या माणसाला म्हणूनच वाटत राहतं की काही वाढलंच नाही. त्याला वाटतं ते बरोबर आहे.

एक बाजू मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ग्रॅच्युइटी ही शेवटच्या मूळ पगारावर मोजतात: मूळ पगार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षं. त्यामुळे मूळ पगारातली वाढ मागच्या सगळ्या वर्षांना लागू होते. आठ वर्षं नोकरी झालेल्या माणसाचा मूळ पगार ३,००० ने वाढला की त्याची ग्रॅच्युइटी त्या एका पत्राने १३,८०० च्या वर वाढते. म्हणून वाढ मूळ पगारात होतेय की भत्त्यांमध्ये, हे विचारायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. त्यामुळे मूळ पगार नाममात्र ठेवून बाकी सगळं ‘स्पेशल अलाउन्स’मध्ये कोंबायची जुनी चाल आता पूर्वीइतकी फायद्याची राहिलेली नाही.

तिसरा आकडा बाजाराचा. तुमच्या कामाला, तुमच्या अनुभवाला, तुमच्याच शहरात काय मिळतं? नोकरीच्या संकेतस्थळांवर पगाराचे अंदाज असतात, पण त्यातले आकडे डोळे झाकून घेऊ नयेत. कुणी सीटीसी टाकलेली असते, कुणी जॉइनिंग बोनस त्यातच धरलेला असतो, कुणाचं बंगळुरूचं पद असतं. सर्वांत खात्रीचा आकडा गेल्या वर्षभरात सोडून गेलेल्या सहकाऱ्याकडून मिळतो. तो आता आनंदाने सांगतो. भरतीवाल्यांचे फोन येतात तेव्हा ‘इंटरेस्टेड नाही’ म्हणून लगेच ठेवून देऊ नका, त्या पदाचं बजेट किती आहे एवढं विचारून मग ठेवा. असे तीन-चार आकडे जमले की तुम्ही कुठे उभे आहात ते कळतं. कधीकधी असंही कळतं की आपल्याला बाजारभावापेक्षा जास्तच मिळतंय. मग पगाराचं न बोलता बढतीचं किंवा नवं काम शिकण्याचं बोलावं, ते जास्त शहाणपणाचं.

बढतीवरून आठवलं. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत नेहमीच्या वाढीचे पैसे आणि बढतीचे पैसे वेगवेगळे ठेवलेले असतात. तुम्ही वर्षभर वरच्या पदाचं काम करत असाल तर टक्के वाढवून मागण्यापेक्षा ते पद मागणं सोपं जातं, कारण मग तुमचे पैसे शेजारच्या टेबलावरून उचलावे लागत नाहीत.

आता प्रत्यक्ष बोलणं. लिफ्टमध्ये, कॉरिडॉरमध्ये, टीमच्या पार्टीत हा विषय काढायचा नाही. महिनाअखेरीला, ऑडिट चालू असताना, ग्राहकाने नुकतंच झापलेलं असताना तर नाहीच. आधी वेळ मागायची: ‘सर, पुढच्या आठवड्यात तुमची वीस मिनिटं हवी होती. माझं काम आणि पगार यावर बोलायचंय.’ पगार हा शब्द आधीच सांगितला की समोरचा तयारीने येतो आणि विषय टाळायची त्याला सोय राहत नाही. ‘जरा पर्सनल बोलायचं होतं’ असं म्हटलं तर त्याला वाटतं तुम्ही राजीनामा देताय. तो आठवडाभर कावराबावरा होऊन फिरतो आणि मग पगाराचंच आहे म्हटल्यावर सुटलो म्हणत विषय उडवून लावतो.

बैठकीत ते पान समोर ठेवून तीन-चार मिनिटांत वर्षाचं काम सांगायचं आणि मग सरळ आकडा. ‘सर, हे काम आणि बाहेरचा दर बघता माझा फिक्स्ड पगार महिन्याला ७०,००० व्हावा असं मला वाटतं.’ एकच आकडा. ‘पासष्ट ते पंचाहत्तर’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानात फक्त पासष्ट जातं. रुपयांत सांगा, आणि फिक्स्ड म्हणा, कारण नाहीतर वाढ व्हेरिएबलमध्ये घालून पत्रावर मोठा आकडा दाखवता येतो आणि वर्षाअखेरीला कंपनीचा नफा कमी झाला म्हणून त्यातला निम्माच हातात येतो. आकडा सांगून झाला की गप्प बसायचं. आपल्याला ही शांतता सोसत नाही. पाच सेकंदांत आपणच म्हणतो, ‘म्हणजे अगदी तेवढंच असं नाही, थोडं कमी-जास्त चालेल.’ समोरच्याने एक शब्दही न बोलता आपण आपला आकडा खाली आणलेला असतो. पाणी प्या, वहीत बघा, पण बोलू नका.

उत्तरं ठरलेली असतात. ‘यंदा बजेटच नाही’ हे सर्वांत नेहमीचं आणि पुष्कळदा खरंही. त्यावर वाद न घालता विचारायचं, ‘मग कधी होऊ शकेल आणि तोवर माझ्याकडून काय व्हायला हवं?’ उत्तरात महिना आणि काम दोन्ही निघाले तर तुमचं बोलणं वाया गेलेलं नाही. सहा महिन्यांनी मधल्या काळातली दुरुस्ती करून घेणं अनेक कंपन्यांत शक्य असतं, फक्त ते कुणी विचारत नाही. ‘तुला टीममध्ये सगळ्यांत जास्त दिलंय’ असं ऐकायला मिळालं तर हे लक्षात ठेवा की तुमची मागणी इतरांशी तुलना करून आलेलीच नव्हती, ती कामावर आणि बाजारावर होती. पुन्हा त्याच पानावर या. दुसऱ्या सहकाऱ्याचा पगार तोंडावर फेकू नका. त्याने विश्वासाने सांगितलेला आकडा तुम्ही उघड केलात तर नुकसान दोघांचं होतं. आणि ‘बघतो, वर बोलतो’ हे उत्तर आलं तर तारीख मागून घ्या, नाहीतर ते बघणं पावसाळ्यापर्यंत चालतं.

पैसे खरंच निघत नसतील तर पैशांसारख्याच दुसऱ्या गोष्टी असतात. व्हेरिएबलचा काही भाग फिक्स्डमध्ये आणणं, आईवडिलांना मेडिक्लेममध्ये घेणं, एखाद्या सर्टिफिकेशनची फी, आठवड्यातून दोन दिवस घरून काम. वाघोलीहून हिंजवडीला रोज जाणाऱ्या माणसाला या शेवटच्या गोष्टीची किंमत वेगळी सांगायला नको.

बैठक झाली की त्याच दिवशी दोन-तीन ओळींचा मेल पाठवायचा: आज बोलल्याप्रमाणे माझी अपेक्षा ही, तुम्ही अमुक महिन्यात पुन्हा बघू म्हणालात, तोवर मी हे काम पूर्ण करते. धन्यवाद. यात कसलाही तोरा नको. मॅनेजर बदलतात. तुमच्याशी बोललेला माणूस जूनमध्ये दुसऱ्या कंपनीत गेला तर नव्या माणसाला दाखवायला तुमच्याकडे एवढाच कागद असतो.

स्त्रियांच्या बाबतीत एक वेगळी गाठ असते. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या वर्षी ‘सहा महिने तर नव्हतीस’ म्हणून सरासरीपेक्षा कमी वाढ हातात टेकवली जाते. अशा वेळी लेखी म्हणावं की जितके महिने मी काम केलं तितक्याच महिन्यांचं मूल्यमापन करा. रजा हा कायद्याने दिलेला हक्क आहे, २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवड्यांची आहे, आणि ती घेतल्याची शिक्षा पगारात होता कामा नये. समान कामाला समान वेतन हा नियमही १९७६ पासून कायद्यात आहे आणि नव्या वेतन संहितेतही तो आला आहे. हे बैठकीत पहिल्याच वाक्याला काढायचं हत्यार नव्हे, पण माहीत असावं.

राजीनाम्याची धमकी हा अनेकांना हमखास उपाय वाटतो. बाहेरची ऑफर आणायची, टेबलावर ठेवायची आणि ‘मॅच करा’ म्हणायचं. माझं मत स्पष्ट आहे: ऑफर स्वीकारून खरोखर जायची तयारी असेल तरच ती दाखवा. कंपनी कधी मॅच करते, कधी हात मिळवून निरोप देते. मॅच केलंच तरी तुम्ही एकदा दाराबाहेर पाय ठेवला होतात हे कुणी विसरत नाही, आणि पुढच्या वर्षी ‘तुला मध्येच दिलं होतं ना’ म्हणून वाढ आखडती मिळू शकते. तरीही नोकरी बदलल्यावर पगार जास्त उडी मारतो हे खरंच आहे. फक्त नवी कंपनी शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागते आणि त्यावरच टक्के लावते. आज इथे कमी पगारावर गप्प बसलात तर ते कमीपण पुढच्या नोकरीतही तुमच्याबरोबर येतं. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड आणि रिलीव्हिंग लेटर यांचा हिशेब वेगळा.

छोट्या पगारावर एक सापळा आहे, त्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. सध्या २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याला ईएसआयचं संरक्षण मिळतं: पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि घरच्यांसकट औषधोपचार होतात. कायद्याने मिळणाऱ्या बोनसची मर्यादाही २१,००० च आहे. आता एखाद्याचा पगार २०,८०० वरून २१,३०० झाला. वर्षाला वाढ ६,००० रुपये. पण तो ईएसआयची चालू सहामाही संपली की बाहेर पडतो, आणि ८.३३ टक्क्यांचा किमान बोनस, जो वर्षाला निदान ७,००० रुपयांच्या आसपास असतो, त्यावरचा कायदेशीर हक्कही जातो. हातात ५०० जास्त आले आणि हिशेब तोट्यात गेला. या उंबरठ्यावर असणाऱ्याने एकतर तो ओलांडून चांगली मोठी वाढ मागावी किंवा वाढीबरोबर कंपनीचा गट मेडिक्लेम आणि बोनस चालू राहील हे लेखी घ्यावं.

जिथे एचआर नाही, मूल्यमापन नाही, स्वतः शेठ समोर बसलेले असतात, तिथे वरचा बराचसा सरंजाम लागत नाही. दुकान, कारखानदाराचं छोटं ऑफिस, डॉक्टरांचं क्लिनिक, अशा ठिकाणी निर्णय एका माणसाचा आणि एका बैठकीचा. तिथे धंद्याचा अंदाज घेऊन बोलायचं: सीझन चांगला गेल्यावर, मोठं येणं वसूल झाल्यावर, दिवाळीच्या हिशेबाआधी. पान नको, दोन गोष्टी तोंडी सांगा. पण मिळालेली वाढ बँकेतून आणि स्लिपवर मागा. रोख पाकिटातली वाढ घरकर्जाच्या अर्जावर दिसत नाही आणि पुढच्या नोकरीतही तिचा पुरावा देता येत नाही.

शेवटी पत्र येतं. ते उघडल्यावर टक्के सगळ्यात शेवटी बघा. आधी वाढ कुठल्या तारखेपासून लागू आहे ते, मग मूळ पगार, फिक्स्ड आणि व्हेरिएबलची वाटणी, पीएफ पूर्ण मूळ पगारावर आहे की १५,००० च्या मर्यादेवर म्हणजे १,८०० रुपये, आणि मागचा फरक कुठल्या महिन्यात मिळणार. नवा पगार जमा झाला की जुनी आणि नवी स्लिप शेजारी ठेवून ओळीने ताडून बघा. पेरोलमध्ये चुका होतात, आणि फरकाच्या महिन्यात जास्त होतात. आकडा जुळला नाही तर त्याच आठवड्यात पेरोलला मेल टाका, कारण पुढच्या महिन्याच्या पगाराचा हिशेब बहुतेक ठिकाणी विशीच्या तारखांनाच बंद होतो.